अंगणात साप, छतात उदमांजर, पत्र्यावर वानरं : पकडून न्या म्हणायच्या आधी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. परभणीच्या बाहेर नवीन प्लॉटिंगमधे घर, बाजूला दोन मोकळे प्लॉट त्यात कंबरभर गवत, पाऊस लागल्यापासून दोनदा अंगणात साप निघाला, रात्री पीओपीच्या वर काहीतरी जड पळतं, आणि वानरांची टोळी येऊन गाडीवरच्या पत्र्यावर उड्या मारते अन् टाकीचं झाकण काढून टाकते. तुम्ही विचारलंय की हे सगळं पकडून लांब जंगलात सोडणारं कोणी आहे का, किती घेतात, आणि तोपर्यंत कोणतं औषध शिंपडायचं. घरात लहान लेकरं आहेत म्हणून तुमचा जीव थाऱ्यावर नाही हे कळतंय. मी साप अन् घरात शिरलेली जनावरं काढायचं काम बरीच वर्षं करतोय, मराठवाड्यातली गावं, शेतातले आखाडे (राहायच्या झोपड्या), अपार्टमेंट सगळीकडं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर. औषध कोणतंच नाही. आणि पकडून लांब सोडणं हा बहुतेक वेळा उपाय नसतोच, कारण जनावर तुमच्याकडं खायला, प्यायला, लपायला किंवा पिल्लं घालायला आलेलं असतं, आणि ते कारण तिथंच ठेवून तुम्ही एक जनावर उचलून नेलं तर पंधरा दिवसात दुसरं येतं. मला एकाच घरून वर्षात चार-चार वेळा फोन येतात अन् प्रत्येक वेळी साप त्याच गोवऱ्यांच्या ढिगात असतो. त्या माणसाला साप पकडणारा नको असतो, त्याला ढीग हलवणारा पाहिजे असतो.

कायद्याचंही सांगून टाकतो, कारण "पाचशे रुपयात पकडून नेतो" म्हणणारे बरेच फिरायलेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ मधे त्यात मोठी दुरुस्ती झाली, आणि या कायद्यात 'शिकार' म्हणजे नुसतं मारणं नाही, पकडणं, सापळा लावणं, अंडी-घरटी मोडणं हेही शिकारीतच धरलंय. नाग, घोणस, धामण, घोरपड, मुंगूस, उदमांजर, वानर सगळे यात येतात. म्हणजे कोणी परवानगी न घेता वानर पिंजऱ्यात घालून टेम्पोत नेलं तर गुन्हा त्याच्यावर तर होतोच, बोलावणाराही त्यात अडकू शकतो. वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे, हा मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा, तिथून तुमच्या भागातल्या वनपालाला किंवा रेस्क्यू टीमला कळवतात.

आता सापाचं, कारण तुमची खरी भीती तीच आहे आणि ती रास्त आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सापाच्या दंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला साधारण ५८ हजार, त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधे, आणि बहुतेक खेड्यात, घराजवळ किंवा शेतात. म्हणून मी कुणालाही "घाबरू नका साप काही करत नाही" असं सांगत नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्या मराठवाड्यात आहेत. पण अंगणात निघणाऱ्या सापात धामण, दिवड, कवड्या, तस्कर हे बिनविषारीच जास्त असतात आणि त्यातली धामण तर निव्वळ उंदरासाठी येते. धामण गाईचं दूध पिते, शेपटीनं पाय बांधते हे आपल्याकडं अजून म्हणतात, ते खोटं आहे, सापाच्या तोंडाची रचना चोखायची नाहीच, आणि दूध हे त्याचं खाणंही नाही. डूख धरतो हेही तसंच, सापाला माणूस लक्षात ठेवून बदला घ्यायची बुद्धी नसते. तुमच्याकडं दोनदा निघाला तो एकच असेल किंवा दोन वेगळे, दोन्हीचा अर्थ एकच की तिथं त्याला उंदीर, बेडूक किंवा आडोसा मिळतोय.

साप दिसला की त्या क्षणी काय करायचं ते आधी. लेकरं अन् कुत्रं आत घ्या, एक मोठा माणूस आठ-दहा फुटांवर थांबून नजर ठेवू द्या, बाकीच्यांनी गर्दी करायची नाही. झूम करून फोटो काढा, जवळ जाऊन नाही. अंगणात उघड्यावर असेल तर त्याला वाट द्या, बहुतेक वेळा तो दहा मिनिटात कुंपणाबाहेर निघून जातो आणि बोलवायची गरजच पडत नाही. खोलीत असेल तर आतल्या बाजूचं दार लावून दाराखालच्या फटीला टॉवेल दाबा, म्हणजे तो घरभर फिरत नाही, मग सर्पमित्राला फोन करा. फिनाईल, रॉकेल, गरम पाणी ओतू नका, काठीनं डिवचू नका. यातून साप जखमी होतो, चिडतो, आणि कपाटामागं असा जाऊन बसतो की मग आम्हाला तासभर सामान हलवावं लागतं, आणि दंशाचे प्रसंग जास्त करून मारायला किंवा पकडायला गेल्यावरच होतात.

सर्पमित्र कसा ओळखायचा हेही सांगतो. जो साप गळ्यात घालतो, फणा काढायला लावून रील बनवतो, लेकरांना हात लावायला देतो त्याला दुसऱ्यांदा बोलवू नका. चांगला माणूस हूक आणि पाईपला लावलेली पिशवी घेऊन येतो, सापाला कमीत कमी हात लावतो, गर्दी मागं सारतो, आणि साप त्याच परिसरातल्या योग्य जागी सोडतो. तीस-चाळीस किलोमीटर लांब नेणं चांगलं असं लोकांना वाटतं, पण सापाला आपल्या भागातली बिळं, पाणी, शिकार सगळं माहीत असतं, अनोळखी जागी टाकला की तो ठिकाणा शोधत भटकतो, रस्ते ओलांडतो, दुसऱ्यांच्या घरात शिरतो आणि पुष्कळदा मरतो. पेट्रोलचे पैसे जरूर द्या, अर्ध्या रात्री माणूस येतो, पण "इतके द्या नाहीतर सोडून जातो" म्हणणारा असला तर वनविभागाला कळवा.

ओळखण्याचं थोडं सांगतो पण त्यावर विसंबून हात घालू नका. मण्यार काळी-निळसर चकचकीत, अंगावर पांढऱ्या बारीक जोडपट्ट्या, मानेजवळ पुसट आणि शेपटीकडं ठळक. कवड्या तिच्यासारखाच दिसतो पण तपकिरी, पट्टे मानेपासून सुरू होतात अन् शेपटीकडं पुसट होत जातात. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे गोल ठिपके, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार टाकते, लोक तिला अजगराचं पिल्लू समजून उचलतात आणि तिथंच घात होतो. फुरसं लहान, खडकाळ माळावरचं, वेटोळं घालून अंग अंगावर घासतं अन् खर्रखर्र आवाज काढतं. पिल्लू आहे म्हणून विष कमी असं काही नसतं. पावसाळ्यात पिल्लं बाहेर पडतात, घोणस तर अंडी न घालता थेट पिल्लंच देते आणि एका वेळी वीस-तीसही देते, त्यामुळं एक बारकं किरडू निघालं तर चार दिवस चपला झटकून घाला.

आता खरं काम, घराभोवतीचं. उन्हाळ्यात करायला पाहिजे होतं पण आत्ता केलं तरी चालतं. सुरुवात दारापासून करा. आपल्याकडं शहाबादी फरशीवर दार बसवतात आणि खाली बोटभर फट राहते, त्या फटीतून बारका साप आरामात येतो. दाराखाली रबराची किंवा ब्रशची पट्टी मिळते, हार्डवेअरच्या दुकानात, ती लावा, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाचा उपाय आहे. मग न्हाणीची मोरी, किचनच्या सिंकचा पाईप जिथं बाहेर पडतो ते तोंड, गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाईप, एसीच्या पाईपसाठी पाडलेलं भोक. सगळ्यांना पाव इंची भोकाची स्टीलची जाळी. प्लॅस्टिकची नको, उंदीर कुरतडतो. नायलॉनची बागेची जाळी तर बिलकुल लावू नका, कुंपणाला ती लावली की साप त्यात अर्धा घुसून अडकतो, खवले उलटे असल्यानं मागं येता येत नाही, आणि उन्हात तडफडून मरतो. असे किती साप मी कात्रीनं जाळी कापून सोडवलेत, कातडी सोलून निघालेले. कुणाकडं अडकलेला दिसला तर ओढू नका, ओलं गोणपाट सावलीसाठी वरून धरा आणि फोन करा.

दुसरं, ढीग. बांधकामाच्या उरलेल्या विटा, फरशीचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्या नवीन प्लॉटिंगमधे प्रत्येकाच्या घरामागं असतात, तुमच्याही असणार. गावाकडं तेच काम पऱ्हाट्या, तुऱ्हाट्या, गोवऱ्या अन् कडब्याची गंजी करते. हे घराच्या भिंतीला टेकवून ठेवायचं नाही, भिंतीपासून दहा-पंधरा फूट लांब, आणि जमिनीपासून फूटभर उंच लोखंडी किंवा दगडी माचावर, म्हणजे खालून दिसतं आणि हात घालायच्या आधी काठी आपटता येते. सोयाबीनची सुडी, म्हणजे कापलेल्या पिकाचा रचलेला ढीग, लावलेली असते तेव्हा तर सकाळी काढणीला गेलेल्या बायकांना सुडी उचलताना दंश होतो, तिथं आधी काठीनं हलवून मगच हात. तिसरं, सांडलेलं धान्य. ज्वारीची कणगी, कोंबड्यांचा खुराडा, कुत्र्याचं उरलेलं खाणं, हे उंदीर बोलावतात अन् उंदीर साप बोलावतो. चौथं, पाणी. गळका नळ आणि कुंड्यांखालचं साचलेलं पाणी म्हणजे बेडूक. आणि बाहेरचा पांढरा झगझगीत लाईट रातभर चालू ठेवला की किडे येतात, किड्यांमागं बेडूक, पाली आणि त्यामागं साप, म्हणून पिवळा लाईट लावा किंवा माणूस आला की लागणारा सेन्सरवाला.

हे सगळं करूनही साप परिसरात राहणारच, तुम्ही त्याच्या माळावर घर बांधलंय. त्यामुळं झोपायची सवय बदलणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मण्यार रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणसुद्धा दिसत नाही, आणि पहाटे माणूस पोटात दुखतंय, गिळता येईना, पापण्या जड झाल्यात म्हणून उठतो. घरचे ॲसिडिटी समजतात. लेकरं खाटेवर, मच्छरदाणी लावून, मच्छरदाणी गादीखाली खोचून. बीडकडचे ऊसतोड मजूर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जमिनीवर झोपतात, शेतकरी रात्रीच्या लाईटीच्या पाळीला पाणी धरायला अनवाणी जातो, या लोकांना तर कुणी हे सांगतच नाही. बॅटरी, बूट, आणि पाय आपटत चालणं.

आणि कुणाला पान लागलंच, म्हणजे साप चावलाच, तर : पट्टी करकचून बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही, चोखायचं नाही, मारुतीच्या पारावर न्यायचं नाही. अंगठी, तोडे, जोडवी काढा कारण सूज येते, हात-पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं सरकारी दवाखान्यात. प्रतिसर्पविष म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच असतं, त्यामुळं साप मारून न्यायची काहीच गरज नाही. आधी फोन करून विचारा इंजेक्शन आहे का, नाहीतर दोन दवाखाने फिरण्यात तास जातो. मोठ्या ठिकाणी, म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती, नांदेडचं विष्णुपुरी, इथं व्हेंटिलेटरही असतो, मण्यार-नागाच्या केसमधे तोच जीव वाचवतो. केंद्र सरकारनं २०२४ मधे सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढलाय, २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचं ठरवलंय, पण ते तुम्ही-आम्ही वेळेत दवाखान्यात पोचलो तरच होणार. विंचवाचंही यातच सांगतो, लाल विंचू आपल्याकडं बक्कळ आहे आणि लेकराला चावला, घाम सुटला, उलट्या व्हायला लागल्या तर थांबू नका. आपल्याच जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला राहून प्राझोसिन या गोळीनं या विंचवाचे पेशंट वाचतात हे जगाला दाखवून दिलं, त्यांना २०२२ ची पद्मश्री मिळाली. तेव्हा उपाय आहे, पण दवाखान्यात आहे.

औषधांचं एकदाच सांगतो. गंधक, लसूण, कार्बोलिक ॲसिड, डांबर गोळ्या, सर्पगंधाचं झाड, 'स्नेक रिपेलंट' म्हणून मिळणारी पावडर, मोबाईलसारखं भुंभुं करणारं यंत्र, यातल्या कशानंच साप पळत नाही, कशालाही न जुमानता तो सर्रास पुढं जाताना मी पाहिलाय. कार्बोलिकनं लेकराची कातडी भाजते आणि डांबर गोळी गोड समजून तोंडात घातली तर रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. पैसे दाराच्या पट्टीवर घाला.

उंदीर-घुशीवर विष टाकायचंही बंद करा. गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त फिरतो, तो घुबडानं खाल्ला, मांजरानं खाल्ला की विष पुढं जातं. म्हणजे जो फुकटात रोज उंदीर मारत होता त्यालाच आपण मारतो. गोंदाचा पॅड तर फारच वाईट, त्यात उंदीर दोन-दोन दिवस जिवंत चिकटून असतो, आणि त्या उंदराला खायला आलेला कवड्या किंवा लहानगा नागही चिकटतो. ॲनिमल वेलफेअर बोर्डानं या पॅडच्या विरोधात सूचना काढलेल्या आहेत तरी बाजारात सर्रास मिळतो. चिकटलेलं जनावर निघतं, खायचं तेल हळूहळू सोडत, पण सापाच्या बाबतीत ते तुम्ही करू नका, पॅडवर टोपलं पालथं घाला आणि बोलवा. उंदरासाठी साधा खटका चांगला, एका झटक्यात काम होतं, लेकरांचा हात जाणार नाही असा पेटीत ठेवायचा. घुशीचं बीळ बुजवायच्या आधी त्यात कागदाचा बोळा सैल कोंबून ठेवा, दोन दिवस बोळा हलला नाही तर बीळ रिकामं आहे, मग खडी आणि सिमेंट.

आता छतावरचं. तुम्ही लिहिलं की संध्याकाळी अंधार पडला की एकदा अन् पहाटे एकदा जड पावलं वाजतात, मधे शांत. हे उंदराचं नाही, उंदीर रातभर खुडबुडतो आणि आवाज हलका असतो. खार असती तर दिवसा पळाली असती. हे बहुतेक उदमांजर आहे, कुणी मसण्याउद म्हणतात आणि मढी उकरतो म्हणून घाबरतात, पण तो बिचारा फळं, उंदीर, किडे, झुरळं खाणारा प्राणी आहे, माणसाला बघून पळतो. रात्री बाहेर जातो, पहाटे परत येऊन दिवसभर झोपतो. खात्री करायची तर गच्चीवर किंवा पत्र्याखाली त्याची विष्ठा बघा, एकाच जागी करतो आणि त्यात चिक्कू, जांभूळ, शिंदीच्या बिया अख्ख्या दिसतात. फुत्कारल्यासारखा मोठा आवाज आणि खाली हाडं-केसांचे वाळलेले गोळे पडलेले असतील तर मात्र ते गव्हाणी घुबडाचं घरटं, त्याला पिल्लं उडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने, राहू द्या. अपशकुन वगैरे काही नसतो. उलट दिवाळीच्या आसपास घुबडं जादूटोण्यासाठी चोरतात, त्यामुळं घरटं आहे हे गावभर सांगू नका.

उदमांजराला पकडायची गरजच नाही, त्याला बाहेर राहू द्यायचं एवढंच. भोकं शोधा. भर दुपारी एका माणसाला पीओपीच्या वर डोकावायला लावा, आत अंधार करा, जिथून उजेड येतो ती सगळी भोकं. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी संध्याकाळी रांगोळीचा पातळ थर टाका, सकाळी ठसे बघा, म्हणजे कोणतं वापरात आहे ते कळतं. बाकीची सगळी बंद करायची, वापरातलं एक सोडायचं. मग पिल्लं आहेत का हे ऐकायचं, दिवसा शांततेत कान लावला की चिवचिव-किरकिर ऐकू येते. पिल्लं असली तर तीन-चार आठवडे काही करू नका, किंवा वर एक बल्ब आणि हळू आवाजात रेडिओ चालू ठेवा, आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडं हलवते. पिल्लं नसतील तर त्या एका भोकावर जाड रबराचा किंवा जाळीचा पडदा वरच्या बाजूनं टांगायचा, असा की आतून ढकलला तर बाहेर उघडतो आणि बाहेरून लोटला तर चौकटीला अडतो. ते रात्री बाहेर जातं, पहाटे परत येता येत नाही, त्याला दुसऱ्याही दोन-चार जागा माहीत असतात तिकडं जातं. चार-पाच रात्री तसंच ठेवा, परत रांगोळी टाकून आतल्या बाजूला ठसे नाहीत हे बघा, मगच सिमेंट. घाई केली आणि आत जनावर राहिलं तर ते पीओपी फोडतं किंवा आत मरतं, मग महिनाभर वास, माश्या, आणि परत तेच खर्चाचं काम. पत्र्यावर आलेल्या झाडाच्या फांद्या सहा-सात फूट छाटून घ्या.

पाकोळ्या म्हणजे बारकी वटवाघळं खिडकीच्या फटीत बसतात त्यांनाही हीच पद्धत, फक्त पडद्याऐवजी बारीक जाळी वरून टांगून खाली मोकळी सोडायची, म्हणजे घसरत बाहेर पडतात. पिल्लांच्या दिवसात नाही. ती रात्रभर डास-किडे खातात तेव्हा शक्य असेल तर राहूच द्या. मोकळ्या हातानं मात्र उचलायचं नाही.

इथंच एक, कारण लोक दुर्लक्ष करतात : वानर, माकड, उदमांजर, मुंगूस, वटवाघूळ कुणीही चावलं किंवा ओरखडलं, थोडं का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना. हळद-चुना लावायचा नाही.

वानरांचा विषय मला सगळ्यात अवघड वाटतो कारण तिथं एका घरानं काही होत नाही. आपण शनिवारी मारुतीला जातो, वानराला पोळी, बिस्किट, फुटाणे घालतो, श्रद्धेनंच घालतो. वानर मुळात पाला, फुलं, शेंगा खाणारं जनावर. पोळीची चटक लागली की ते झाडावर दिवस घालवायचं सोडून स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन बसतं, आणि दिलं नाही तर हिसकतं. वर आपल्या दुष्काळी भागात मार्च ते मेमधे ओढे आटतात, पाला वाळतो, मग ते पाण्यासाठी टाकीवर येणारच. डिसेंबर २०२१ मधे माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावची बातमी देशभर गाजली, वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, घरांवर नेत होती, पिल्लं पडून किंवा उपाशी मरत होती, शेवटी नागपूरच्या वनविभागाच्या टीमनं दोन वानरं पकडून नेली. आकडे काय काय छापून आले ते सोडा, पण पकडायचं काम वनविभागानंच केलं हे लक्षात घ्या. तुमच्याकडं एखादा हुप्प्या अंगावर यायला लागला, लेकराला ओरबाडलं, तर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज, फोटो-व्हिडिओसकट, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं द्या. एक टोळी हलवली की मोकळी जागा शेजारची टोळी घेते, म्हणून फक्त त्रास देणारा नर उचलणं कधी कधी ठीक, अख्खी टोळी हलवणं नाही.

तोपर्यंत घरात : टाकीचं झाकण स्क्रूचं बसवा किंवा आडवी पट्टी मारून कडी लावा, तारेनं बांधलेलं ते सोडतात. किचनच्या खिडकीला वेल्डमेश, मच्छरजाळी फाडतात. खरकटं उघड्या बादलीत नको. कंपाऊंडच्या भिंतीवर तारेत सैल ओवलेले पीव्हीसी पाईपचे तुकडे लावा, पाय ठेवला की फिरतात, वानराला डळमळीत जागा आवडत नाही. गाडीचं पत्र्याचं शेड झाडापासून लांब असेल तर उत्तम. फटाके, वाघाचं पोस्टर, प्लॅस्टिकचा साप दोन-चार दिवस चालतात, पुढं तेच वानर त्या पोस्टरवर बसतं. गोफण, छर्रे बिलकुल नको, जखमी नर चावरा होतो. समोर आलं तर डोळ्यात डोळे घालू नका, दात दाखवू नका, हातातलं खाणं टाकून द्या आणि पाठ न दाखवता मागं सरका. आणि गल्लीत बसून एक ठरवा, कुणीच घालायचं नाही, एका घरानं घातलं तरी बाकीच्यांची मेहनत वाया. पाणी मात्र मी द्यावं म्हणतो, वस्तीपासून लांब गायरानात किंवा ओढ्याकाठी, वनविभागाला विचारून उन्हाळ्यात पाणवठा भरायचा. घराजवळ नाही.

करंटचं कुणी सुचवलं तर ऐकू नका. शेतात लावतात ते सोलर झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचा झटका देतं. तारेत डायरेक्ट लाईन सोडणं म्हणजे गुन्हा, त्यात डुक्कर मरायच्या आधी शेजाऱ्याचं पोर मेलेलं आहे आपल्याच भागात.

मोहोळाचं विचारलं नव्हतं पण नवीन इमारतीवर बसतंच म्हणून. आग्यामोहोळ जाळू नका, धूर-पेट्रोल करून दिवसा काढायला गेले की माश्या गल्लीभर चावतात. या माश्या स्थलांतर करतात, काही महिन्यांनी पोळं आपोआप रिकामं होतं. वर्दळीच्या जागी असेल तर रात्री, न मारता पोळं काढणारे प्रशिक्षित लोक असतात, त्यांना बोलवा.

राहिले ते दोन मोकळे प्लॉट. तुमचं घर कितीही बंद केलं तरी गवत कंपाऊंडला चिकटून असेपर्यंत फार फरक पडणार नाही. मालकाला फोन करा, ऐकलं नाही तर महापालिकेकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या. स्वतः कापायचं ठरवलं तर पेटवून देऊ नका, त्यात सरडे, घोरपडीची पिल्लं, टिटवीची अंडी सगळं जळतं आणि आगीतून निघालेला साप थेट तुमच्याकडं येतो. सकाळी दहानंतर, ऊन आल्यावर, बूट घालून, तुमच्या भिंतीकडून सुरू करून पलीकडं कापत जा, म्हणजे आत जे काही असेल ते घरापासून लांब सरकतं. अख्खा प्लॉट नाही झाला तरी भिंतीलगतचा पंधरा फुटांचा पट्टा साफ ठेवा, आणि दर तीन आठवड्यांनी परत. पहिल्या दिवशी दाराच्या पट्ट्या अन् मोरीच्या जाळ्या, दुसऱ्या दिवशी विटा, मग हे गवत, आणि छताचं काम पाऊस थांबल्यावर निवांत करा, उदमांजर लेकरांना काही करत नाही.